बेटावरील उपवासगृहे आणि देहशुद्धीचा दावा

थायलंडच्या आखातातील कोह सामुई हे बेट दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत नारळाच्या बागांवर आणि मासेमारीवर जगत होते. १९८९ साली तेथे विमानतळ झाला, आणि ज्या किनाऱ्यावर पूर्वी बांबूच्या झोपड्यांत महिनोन्‌महिने मुक्काम ठोकणारे थोडेसे युरोपीय भटके तेवढे दिसत, त्या किनाऱ्यावर पर्यटनाचा मोठा व्यापार उभा राहिला. या व्यापाराची एक शाखा विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. सामुईच्या लमाई किनाऱ्यावर, आणि तेथून उत्तरेस थोड्या वेळाच्या बोटप्रवासावर असलेल्या कोह फांगान बेटाच्या पूर्वेकडील एकाकी उपसागरांत, १९९० नंतरच्या दशकात अशी निवासस्थाने निघाली, की जेथे पाहुण्याने सात किंवा दहा दिवस अन्न न घेता राहावे हाच मुक्कामाचा मुख्य हेतू असतो. पुढे हा परिपाठ बाली, श्रीलंका, गोवा असा पसरत गेला, आणि 'डिटॉक्स' या नावाने तो आता मुंबई-पुण्याच्या सुस्थित कुटुंबांतही चर्चेचा विषय झाला आहे. बँकॉक किंवा फुकेत ही आपल्याकडील लोकांना आता दूरची ठिकाणे राहिलेली नाहीत. तेव्हा एकादशीचा उपवास ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, त्यांनी या नव्या उपवासाकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, याची छाननी करणे अगत्याचे वाटते.

प्रथम हे पाहावे, की येथे येतो कोण. फांगान बेटाच्या आग्नेय टोकाला हाद रिन नावाचा किनारा आहे. दर पौर्णिमेला तेथे जगभरच्या तरुणांचा रात्रभर चालणारा मद्य-नृत्याचा मेळा भरतो. त्याच बाजूला, डोंगराच्या पलीकडे, हाद तियन नावाचा लहानसा उपसागर आहे आणि तेथे उपवास करणाऱ्यांचे एक जुने आश्रयस्थान आहे. दोन्ही ठिकाणे इतकी जवळ असावीत, यात मला या साऱ्या चळवळीचे मर्म दिसते. कित्येक महिने आशिया खंडात हिंडून, अनेक रात्री जागून, वाटेल ते खाऊन-पिऊन थकलेल्या प्रवाशाला एके दिवशी आपल्या देहाविषयी जी खंत वाटू लागते, ती या उपवासगृहांची खरी पायाभरणी आहे. त्याच्या जोडीला हल्ली दुसरा वर्ग आला आहे, तो महानगरांतील चाळिशी ओलांडलेल्या नोकरदारांचा आणि व्यावसायिकांचा. त्याची खंत मद्याची नसून बैठ्या आयुष्याची आहे. दोघांनाही प्रायश्चित्त हवे असते, आणि त्या भावनेत हसण्यासारखे काही नाही. माणसाने स्वतःच्या देहाशी केलेला अपराध ओळखावा, ही चांगलीच गोष्ट आहे. प्रश्न एवढाच, की त्याला सांगितले जाणारे प्रायश्चित्त शास्त्राच्या कसोटीस उतरते काय.

त्या दिनक्रमाचा तपशील असा. सकाळी लवकर एक पेय घ्यायचे. फळाचा थोडा रस आणि पाणी घातलेल्या बरणीत एक चमचा इसबगोलाचे भूस आणि बेंटोनाइट नावाच्या मातीचा गढूळ द्राव टाकून, झाकण लावून ती बरणी जोराने हलवायची आणि क्षणाचाही विलंब न करता पेय एका दमात संपवायचे. कारण दोन मिनिटे दुर्लक्ष झाले, तर त्याची दाट, लिबलिबीत खळ होते आणि मग ती घशाखाली उतरत नाही. ही माती आपल्याकडील मुलतानी मातीच्याच कुळातली आहे, आणि इसबगोलाचे जगातील सर्वांत मोठे पीक गुजरात-राजस्थानात निघते. हे पेय दिवसातून चार-पाच वेळा, मधल्या वेळांत वनस्पतींच्या चूर्णाच्या गोळ्या, संध्याकाळी भाज्या उकळून गाळलेले निवळ पाणी, क्वचित गाजराचा किंवा शहाळ्याचा रस. आणि सकाळ-संध्याकाळ एनिमा. एनिमासाठी स्नानगृहात एक उतरती फळी असते, वर बादली टांगलेली असते, तिच्यात कोमट पाणी आणि बहुधा कॉफीचा काढा असतो, नळीने ते पाणी मोठ्या आतड्यात सोडायचे आणि पुन्हा बाहेर टाकायचे. फळीच्या खाली एक चाळणी ठेवलेली असते. पाहुण्याने बाहेर पडलेला मळ त्या चाळणीत निरखून पाहावा, अशी अपेक्षा असते. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्या चाळणीत दोरखंडासारखे लांब, रबरी, काळपट-हिरवे पदार्थ दिसू लागले, की उपवास करणाऱ्यांच्या बाकावर त्याचीच चर्चा चालते. वर्षानुवर्षे आतड्याच्या भिंतीला चिकटून राहिलेले विष आज सुटले, असे त्यांना सांगितलेले असते.

हा चाळणीतील पुरावा या साऱ्या दाव्याचा मुख्य साक्षीदार आहे, म्हणून त्याची उलटतपासणी केली पाहिजे. आतड्याच्या भिंतीवर अशा रबरी थराचे पूट साचते, ही कल्पना रिचर्ड अँडरसन नावाच्या अमेरिकन निसर्गोपचारकाने प्रचारात आणली. परंतु रोज हजारो रुग्णांच्या मोठ्या आतड्यात दुर्बीण घालून पाहणाऱ्या वैद्यांना, किंवा शवविच्छेदन करणाऱ्यांना, असा थर आढळत नाही. आतड्याचे आतले अस्तर काही दिवसांतच झडून नवे होत असते, त्यावर वर्षानुवर्षे काही चिकटून राहण्याची सोय निसर्गाने ठेवलेलीच नाही. मग चाळणीत येते ते काय? इसबगोल पाणी शोषून फुगतो आणि त्याची खळ होते. माती त्या खळीला घट्टपणा आणि रंग देते. पोटात दुसरे अन्न नसते. आतडे त्या खळीला आपल्या पोकळीचा आकार देते. म्हणजे सकाळी बरणीत जे हलवले, तेच दोन दिवसांनी चाळणीत उतरते. पाहुणा प्रामाणिक असतो आणि बहुतेक वेळा उपवासगृहातील सेवकही प्रामाणिकच असतात. पण विष म्हणून दाखवली जाणारी वस्तू जर औषध म्हणून दिलेल्या वस्तूचीच बनलेली असेल, तर तो दाखला ग्राह्य धरता येत नाही.

या समजुतीचा उगम थायलंडात नाही, हे मुद्दाम सांगितले पाहिजे, कारण पुष्कळांची तशी कल्पना होते. थेरवाद बौद्ध भिक्षू दुपारनंतर घन आहार घेत नाहीत हे खरे. परंतु ज्या धर्माच्या संस्थापकाने देह झिजवणारे कठोर उपोषण सोडून मध्यम मार्ग पत्करला, त्या धर्माच्या भूमीत आतडी धुण्याचा हा विधी उपजला नाही. त्याची वंशावळ युरोप-अमेरिकेतील आहे. १८८० च्या दशकात पॅरिसचे शार्ल बूशार यांनी असे मांडले, की आतड्यात कुजणाऱ्या मळातून विषे रक्तात शिरतात आणि त्यांतून नाना रोग उद्भवतात. लंडनच्या गाईज रुग्णालयातील प्रसिद्ध शल्यवैद्य सर विल्यम आर्बथनॉट लेन यांनी या मताच्या भरवशावर बद्धकोष्ठाच्या रुग्णांचे संपूर्ण मोठे आतडे कापून काढण्यापर्यंत मजल मारली. अमेरिकेत बॅटल क्रीक येथील आरोग्यधामात डॉ. केलॉग यांनी एनिमाला नित्यकर्माचे स्थान दिले. पुढे १९१९ साली वॉल्टर अल्व्हारेझ यांनी अमेरिकन वैद्यक संघाच्या नियतकालिकात या मताचा समाचार घेतला. त्यांचा युक्तिवाद साधा होता. मळ अडल्याने होणारी डोकेदुखी आणि ग्लानी शौचास झाल्याबरोबर तात्काळ नाहीशी होते. ती रक्तातील विषाने आलेली असती, तर ते विष निघून जाण्यास काही तास लागले असते. तेव्हा हे दुखणे आतडे ताणले गेल्यामुळे होते, विषबाधेमुळे नव्हे. वैद्यकाने तेथे या प्रकरणाचा निकाल लावला. परंतु वैद्यकाबाहेरच्या जगात ते मत जिवंत राहिले, आणि कॅन्सरवर कॉफीचा एनिमा सांगणाऱ्या माक्स गेर्सन यांच्या पद्धतीशी त्याची सांगड पडून, अमेरिकेतील निसर्गोपचारकांच्या हातून ते शेवटी आग्नेय आशियाच्या समुद्रकिनाऱ्यांवर पोचले.

देहातून अनिष्ट द्रव्ये बाहेर टाकण्याचे कार्य यकृत आणि मूत्रपिंडे अहोरात्र करीत असतात. मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातील बहुतेक सगळा देहास परत करून दीड-दोन लिटर तेवढा बाहेर सोडतात. यकृत तर या कामासाठी प्रथिने वापरते, म्हणजे निराहारात त्याला साहाय्य मिळण्याऐवजी सामग्री कमी पडण्याचाच संभव अधिक. त्यातून कीटकनाशकांसारखी जी द्रव्ये खरोखरच वर्षानुवर्षे चरबीत साठून राहतात, त्यांचे रक्तातील प्रमाण चरबी वेगाने वितळू लागली की वाढते, असे आढळून आले आहे. आणि त्यांवर मातीचा किंवा कॉफीचा उपाय चालत नाही. २०१५ साली ऑस्ट्रेलियातील दोन अभ्यासकांनी विक्रीस असलेल्या डिटॉक्स-आहारांचा आढावा घेतला, तेव्हा मानवांवर त्यांची रीतसर तुलनात्मक चाचणी झाल्याचे एकही उदाहरण त्यांना सापडले नाही.

असे असूनही या गृहांतून परतणारे शेकडो लोक सांगतात, की आपल्याला विलक्षण हलके, प्रसन्न आणि निर्मळ वाटले. ही साक्ष मी खोटी मानीत नाही. तिचा उलगडा उपवासाच्या शरीरशास्त्रात आहे. यकृतातील साखरेचा साठा सुमारे शंभर ग्रॅमचा. तो साधारण एका दिवसात संपतो. त्यानंतर शरीर थोडी साखर स्नायूंतील प्रथिनांपासून बनवते आणि मुख्य इंधन म्हणून चरबी जाळू लागते. तिच्यापासून तयार होणारी कीटोन द्रव्ये तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मेंदूच्याही उपयोगी पडतात. १९६० च्या दशकात हार्वर्डमधील जॉर्ज केहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही गोष्ट प्रयोगांनी सिद्ध केली. इन्शुलिन खाली आल्याने मूत्रपिंडे मीठ आणि पाणी सोडून देतात, म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांत काट्यावर दिसणारी मोठी घट प्रामुख्याने पाण्याची असते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येणारी डोकेदुखी, मळमळ, जिभेवरील पांढरा थर आणि श्वासाचा उग्र वास यांना उपवासगृहांत 'विष निघत असल्याची खूण' म्हणतात. वस्तुतः ते चहा-कॉफी सुटल्याचे, मीठ घटल्याचे आणि कीटोन वाढल्याचे परिणाम होत. त्यानंतर भूक मंदावते आणि मन स्वच्छ झाल्यासारखे वाटते. ही अवस्था सत्य आहे, फार मनोहर आहे, आणि ती मिळवण्यासाठी माती प्यावी लागत नाही. शिवाय या दिवसांत मद्य नसते, तंबाखू नसते, कचेरीचे काम नसते, रात्री नऊला झोप लागते, समोर समुद्र असतो आणि दुपारी अंग मर्दून घ्यायची सोय असते. इतक्या गोष्टी एकदम बदलल्यावर श्रेय चाळणीला देणे हा अन्याय आहे.

उपवासाच्या बाजूनेही चांगला पुरावा आहे, आणि तो बेटावरून आलेला नाही. जर्मन नौदलातील वैद्य ओटो बुकिंगर यांना संधिवाताने ग्रासले होते. १९१९ साली त्यांनी एका ज्येष्ठ वैद्याच्या देखरेखीखाली दीर्घ उपवास केला, त्यातून बरे वाटल्यावर स्वतःचे रुग्णालय काढले, आणि १९५३ पासून बोडन सरोवराच्या काठी युबरलिंगेन येथे त्यांच्या कुटुंबाचे उपवास-रुग्णालय चालू आहे. तेथे दिवसाला दोनशे ते अडीचशे कॅलरी मिळतील इतके भाजीचे सार, फळांचा रस आणि मध देतात. २०१९ साली तेथील १४२२ व्यक्तींची माहिती प्रसिद्ध झाली. चार ते एकवीस दिवसांच्या उपवासात वजन, कमरेचा घेर, रक्तदाब आणि रक्तशर्करा उतरली, आणि त्रास झालेल्यांचे प्रमाण शेकडा एकाहून कमी निघाले. हा अभ्यास त्याच रुग्णालयाच्या लोकांनी केलेला होता आणि त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे ध्यानात ठेवावे; तरीही वैद्य हजर असलेला, माणूस पारखून घेतलेला उपवास बहुतेकांना निर्धोक ठरतो, एवढे त्यातून मानण्यास हरकत नाही. हल्ली उपवासाच्या प्रत्येक जाहिरातीत योशिनोरी ओसुमी यांच्या २०१६ च्या नोबेल पारितोषिकाचा हवाला असतो. पेशी आपल्या जीर्ण भागांचे पुनर्वापरासाठी विघटन कसे करते, हे त्यांनी यीस्टच्या पेशींत शोधले. तो शोध थोर आहे. परंतु सात दिवस निराहार राहिल्याने माणसाचा अमुक रोग जातो, असे त्यातून सिद्ध होत नाही.

आता धोक्यांकडे वळतो, कारण येथेच खरे जिव्हाळ्याचे काम आहे. १९८० साली अमेरिकेत कॉफीच्या एनिमांनी झालेल्या दोन मृत्यूंची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली. कारण होते शरीरातील क्षारांचा तोल बिघडणे. त्याच सुमारास कोलोरॅडो राज्यातील एका उपचारगृहात आतडी धुण्याचे यंत्र नीट निर्जंतुक न केल्याने छत्तीसहून कमी नाहीत इतक्या लोकांना अमीबाची लागण झाली आणि त्यांतील काही दगावले. उष्ण कटिबंधात हा धोका दुणावतो. घामावाटे मीठ आधीच जात असते, उपवासाने मूत्रावाटे जाते, वर बाष्पस्नान आणि दिवसातून दोन एनिमा. मग उठून उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येऊन कोणी स्नानगृहात कोसळला, तर त्यात नवल नाही. आणि ज्या उपसागरात केवळ बोटीने किंवा डोंगराच्या वाटेने पोचता येते, तेथे त्या घटकेला वैद्य कोठून आणणार? माझी सर्वांत मोठी तक्रार ही आहे. पुष्कळ ठिकाणी प्रवेशाच्या वेळी एका छापील कागदावर सही घेतली जाते, जबाबदारी पाहुण्याच्या माथी मारली जाते, आणि रक्तदाब किंवा मधुमेह यांची खातरजमा तेवढ्यावर झाली असे समजले जाते. इतिहासात याहून भयंकर दाखला आहे. वॉशिंग्टन राज्यातील ओलाला येथे लिंडा हॅझर्ड या उपचारिकेने उपवासाच्या नावाखाली रुग्ण मरेपर्यंत उपाशी ठेवले. एका धनिक इंग्रज तरुणीच्या मृत्यूबद्दल १९१२ साली ती दोषी ठरली आणि तुरुंगात गेली. पुढे १९३८ मध्ये ती स्वतःवर उपवासाचाच उपचार करीत असता वारली. बेटावरील गृहे त्या जातीची नव्हेत. पण तपासणीविना उपवास कोठवर जाऊ शकतो, हे त्या प्रकरणावरून कळते.

आपल्याकडे या विषयाचे ज्ञान जुने आहे, आणि ते नुसत्या अभिमानाने मिरवण्यापेक्षा उपयोगात आणण्याजोगे आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील बाविसाव्या अध्यायात लंघनाचे दहा प्रकार सांगितले आहेत. त्यात उपवास हा एक आहे, आणि ऊन-वारा सेवन व व्यायामही आहेत. त्याच ठिकाणी लंघन अति झाल्याची लक्षणे दिली आहेत: सांधे दुखणे, तोंडाला कोरड, भूक नाहीशी होणे, कानांना आणि डोळ्यांना दुर्बलता. म्हणजे किती करावे याइतकेच कोठे थांबावे, हेही ग्रंथकाराने सांगून ठेवले. जैन समाजात पर्युषणात अठ्ठाई करणारी माणसे मुंबई-पुण्यात घरोघर दिसतात. उकळलेल्या पाण्यावर आठ दिवस राहणारा तो तपस्वी घरातल्या माणसांच्या नजरेखाली असतो आणि त्याचे पारणे मुगाच्या पाण्याने, घोटाघोटाने होते. एकादशीचा आपला उपवास साबुदाण्याने आणि बटाट्याने असा जड करून टाकला आहे, की 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण घरोघर खरी ठरते. त्याबद्दल फार बोलत नाही. गांधीजींनी कूने आणि युस्ट या जर्मन लेखकांकडून निसर्गोपचार घेतला, पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांच्या उपचारगृहात मुक्काम केला आणि १९४६ साली उरुळी कांचन येथे आश्रम स्थापिला. त्यांच्याही पद्धतीत एनिमाला स्थान होते, हे लपवण्याचे कारण नाही. पण १९४३ साली आगाखान महालात त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण केले, तेव्हा तुरुंगवासातही वैद्यांचा पहारा त्यांच्या अंथरुणापाशी होता.

उपवासाचा सर्वांत नाजूक भाग तो सोडण्याचा, आणि बेटावरच्या व्यवस्थेत सर्वांत अधिक हलगर्जी त्याच ठिकाणी होते. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या उपाशी कैद्यांना पोटभर अन्न मिळताच त्यांपैकी काही जण दगावले, त्यावरून वैद्यकाला एक धडा मिळाला: दीर्घ उपाशी देहात एकदम पिष्टमय किंवा गोड अन्न गेले, की इन्शुलिन उसळते, रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम पेशींत ओढले जाते आणि हृदयाची लय बिघडते. सुदृढ माणसाच्या सात दिवसांच्या उपवासात ही आपत्ती विरळा. तरीही पाच दिवसांहून अधिक काळ जवळजवळ काही न खाल्लेल्याला सावकाश अन्न द्यावे, असा रुग्णालयांचा दंडक आहे. आता हिशेब पाहा. प्रवाशाने सातवा दिवस पुरा केला, आठव्या दिवशी पपईच्या फोडी आणि कच्च्या भाज्यांची थाळी खाल्ली, आणि त्याच दुपारच्या बोटीने तो निघाला. रात्री विमानतळावर तळलेले, तिखट, जे मिळेल ते. याउलट आयुर्वेदात शोधनानंतर पेया, मग विलेपी, मग मीठ-स्नेह न घातलेले यूष, मग संस्कारित यूष, अशा पायऱ्यांनी बारा अन्नकाळ, म्हणजे सुमारे सात दिवस घालवून नेहमीच्या जेवणावर यावे असे सांगितले आहे. त्यातील पेया म्हणजे आपली पातळ पेज. सामुईच्या रस्त्यावर, उपवासगृहाच्या फाटकाबाहेर, भल्या पहाटे बेटावरचे लोक न्याहारीला भाताची ऊनऊन पातळ पेज खातात; तिला ते खाओ तोम म्हणतात. ती मासळी आणि तिखट न घालता घेतली, तर उपवास सोडण्यास तिच्याइतके योग्य अन्न त्या बेटावर दुसरे मिळणार नाही.

तेव्हा माझा अभिप्राय असा, की या गृहांतील उपवास आणि विश्रांती या घेण्याजोग्या गोष्टी आहेत. माती, चूर्णाच्या गोळ्या आणि एनिमा टाकण्याजोगे आहेत. आणि विष काढण्याचा दावा निखालस असत्य आहे. तरीही कोणास जायचेच असेल, तर मुक्काम ठरवण्यापूर्वी तीन गोष्टी पत्राने विचारून घ्याव्यात: तेथे वैद्य राहतो काय, एनिमा नाकारण्याची मुभा आहे काय, आणि उपवासानंतर निदान तीन-चार दिवस राहून साध्या शिजवलेल्या अन्नाची तजवीज होते काय. यांपैकी एकाचेही उत्तर नकारार्थी आले, तर पैसे भरू नयेत. ज्यांना मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा गोळ्या चालू आहेत, ज्यांना रक्तदाबाची, हृदयाची किंवा मूत्रपिंडाची औषधे आहेत, ज्यांचे वजन मुळात कमी आहे, ज्यांना पूर्वी अन्न टाकण्याचा मानसिक विकार झाला होता, आणि ज्या स्त्रिया गरोदर आहेत किंवा अंगावर पाजीत आहेत, त्यांनी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांच्या लेखी संमतीशिवाय असा उपवास बेटावर तर नाहीच, घरीही करू नये.